निवृत्तीचा कारभार

शनिवारची सकाळ असली आणि त्यातून गळिताचा हंगाम चालू असला, म्हणजे सोनईच्या रस्त्याला दोन प्रवाह येऊन मिळतात. एक शिंगणापूरच्या वाटेचा: मोटारी, जीपगाड्या, अनवाणी चालणारी माणसे, आणि हातांत तेलाच्या बाटल्या, काळी वस्त्रे व रुईच्या पानांच्या माळा. दुसरा मुळा सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडे मंद गतीने सरकणारा: उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि त्यांच्या मागे रेंगाळणारा वाढ्यांचा हिरवा वास. तेल देवाकडे चाललेले असते आणि गोडी कारखान्याकडे. या दोहोंच्या मधोमध उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला, आपल्या पोटातही गोडीचे तेल करण्याचा उद्योग अहोरात्र चालू आहे ही वार्ता साठी उलटल्यावर, आणि तीही सोनोग्राफीच्या एका कागदावरून कळावी, हा योग थोडासा गमतीचाच म्हटला पाहिजे.

त्या कागदावर डॉक्टरांनी दोन शब्दांचा शेरा मारला होता: फॅटी लिव्हर. माझी शरीरयष्टी काटकुळी, मद्याशी ओळख नाही, तूपही पानात बेताचेच. तेव्हा यकृतात चरबी साठली कशी, हा प्रश्न मला पडला. घरातील सर्वांत वडील माणूस म्हणजे माझी आत्या. तिला तो पडला नाही. ती म्हणाली, “अरे, साडेसाती चालू आहे तुझी. शनिवारी तेल घालून ये.” आतल्या चरबीवर बाहेरच्या तेलाचा उतारा! मी हसलो खरा. परंतु पुढे पेशीविज्ञानातील काही लेखन वाचनात आले, तेव्हा संचय आणि संयम यांच्या नात्याविषयी आपल्या समजुती पुन्हा तपासून पाहणे प्राप्त आहे, असे मला वाटू लागले. त्या तपासणीचा हा जमाखर्च.

देहाविषयी आपल्या परंपरेत एक जुना आणि दृढ ग्रह आहे. देह स्वभावतः लोभी, इंद्रिये स्वभावतः उच्छृंखल, आणि त्यांना आवरणारा जो कोणी आहे तो देहाच्या बाहेरचा, निदान वरचा. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले, तेव्हापासून आवरणारा आणि आवरला जाणारा हे दोन वेगळे आहेत, हे आपण गृहीतच धरून चाललो. या रूपकाचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. परंतु ते ऐकता ऐकता एक शंका विचारायची राहून गेली, की घोड्याच्या अंगी स्वतःचा असा काही आवर असतो की नाही? सारथी निजल्यावरही जो घोडा खड्ड्यापाशी आपोआप थबकतो, त्याला थांबवितो कोण?

या शंकेचे एक लौकिक रूप आमच्या शेजारीच, जेमतेम पाच-सहा किलोमीटरांवर, नांदते आहे. शिंगणापुरातील घरांना चौकटी आहेत, पण दारे नाहीत, ही गोष्ट आता जगजाहीर आहे. कुत्रेमांजर आत शिरू नये म्हणून कोणी एखादी फळी आडवी लावतो, कोणी पडदा सोडतो, इतकेच. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीही प्रवेशद्वाराला रूढ कुलूप न घालता. परगावचा माणूस हे पाहतो आणि म्हणतो, इथे बंदोबस्त नाही. वास्तविक बंदोबस्त आहेच. तो लाकडातून निघून माणसांच्या स्वभावात उतरलेला आहे, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. कडी-कोयंडा दिसला नाही म्हणजे निर्बंध नाही असे अनुमान करणारा मनुष्य जी चूक करतो, तीच चूक देहाविषयी आपण शतकानुशतके करीत आलो आहो की काय, असा माझा संशय आहे.

पेशीच्या अंगचा हा निर्बंध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू उलगडत गेला. एक पेशी दुभंगून दोन होतात आणि अशा वाढीनेच देह घडतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु दुभंगावे केव्हा आणि थांबावे केव्हा, हा हुकूम सोडतो कोण, हे कळत नव्हते. १९८२ साली टिम हंट हे इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेतील वूड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत सी-अर्चिन या समुद्रजीवाच्या फलित अंड्यांवर काम करीत होते. तेथे त्यांना असे एक प्रथिन आढळले, की ते प्रत्येक विभाजनापूर्वी साठत जाते आणि विभाजनाच्या घटकेला नाहीसे होते. पुन्हा साठते, पुन्हा सरते. चक्राप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या या प्रथिनांस सायक्लिन हे नाव पडले. सायक्लिन ज्यांच्या साह्याने आपला अंमल बजावतात त्या विकरांस सीडीके म्हणतात. हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स या तिघांना या शोधांबद्दल २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चला म्हणणाऱ्या या अंमलदारांच्या जोडीला थांबा म्हणणारेही तितकेच आहेत: आरबी, पी-५३, पी-२१ अशी रूक्ष नावे धारण करणारी प्रथिने. दोहोंचा मेळ बसतो तेव्हा वाढ होते. थांबा म्हणणारे निकामी झाले, की त्या वाढीला आपण कर्करोग म्हणतो.

आता यकृताकडे वळू. हे इंद्रिय म्हणजे देहसंस्थानाचा कोठावळा आणि फडणीस एकाच जागी. आतड्यांतून येणारा रसद-पुरवठा प्रथम त्याच्या दप्तरी दाखल होतो; साखर किती ठेवायची, किती रक्तात सोडायची, उरलेल्या साखरेची चरबी किती करायची आणि उपासाच्या दिवशी ती चरबी जाळून इंधन किती पुरवायचे, हा सर्व हिशेब तेथे होतो. प्रौढ माणसाच्या यकृतातील बहुसंख्य पेशी विभाजनाच्या चक्रातून बाजूला होऊन निवांत बसलेल्या असतात. त्या निवांत आहेत, म्हणजे निःसत्त्व आहेत असे मात्र नाही. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. उरलेला तिसरा हिस्सा जागा होतो, त्याच्या पेशी दुभंगू लागतात आणि आठ-दहा दिवसांत यकृत पूर्वीच्या वजनाला येऊन पोहोचते. मला आश्चर्य वाटते ते त्याच्या वाढण्यापेक्षा, नेमक्या मापावर येऊन थांबण्याचे. आणखी एक तपशील असा, की या धांदलीच्या पहिल्या काही दिवसांत पेशींमध्ये चरबीचे थेंब जमतात आणि काम उरकता उरकता विरून जातात. म्हणजे वाढीचा प्रश्न आणि संचयाचा प्रश्न हे दोन वेगळ्या खात्यांतले नसून एकाच कचेरीतले आहेत, याची चाहूल तेथेच लागते.

आणि मग तो शोध, ज्याने मला खरे विचारात पाडले. २०१४ साली बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या यकृतात असे पाहिले, की सायक्लिन डी-१ आणि त्याचा सहकारी सीडीके-४ हे विभाजनाचे अधिकारी, विभाजनाचे काहीही काम नसताना, नित्य कामावर असतात. प्राण्याने अन्न घेतले आणि इन्शुलिन वाढले, की हे दोघे पुढे होतात आणि यकृताला नवी साखर तयार करण्यापासून आवरतात. पेशी दुभंगत नाही, दुभंगण्याचा तिचा विचारही नाही. तरी दुभंगण्याचा हुकूम ज्यांच्या हाती, तेच कोठाराचा हिशेब राखीत बसलेले. अशीच चरबीची कथा. सायक्लिन डी-१ चा जोर वाढला, की यकृतपेशीत चरबी जाळण्याचे कामही मंदावते आणि नवी चरबी करण्याचेही. जणू प्रसूतीच्या घरात रोजचा स्वयंपाक बाजूला पडावा. सीडीके-८ हे विकर चरबी बनविण्याचा हुकूम देणाऱ्या प्रथिनाची वेळीच विल्हेवाट लावते. त्याचा धाक गेला, की यकृतात चरबी साठू लागते. उलट ई२एफ-१ हे विभाजनाला चालना देणारे प्रथिन साखरेपासून चरबी करण्यालाही चालना देते, आणि ज्या उंदरांच्या यकृतात ते नसते त्यांत चरबीचा साठा कमी होतो. हे प्रयोग बहुतांशी उंदरांवरचे आहेत आणि माणसाच्या देहाला ते जसेच्या तसे लावणे उतावीळपणाचे होईल, हे मी जाणतो. परंतु त्यांतून दिसणारे तत्त्व दुर्लक्षिण्याजोगे नाही: जो वाढीचा नियंता, तोच संचयाचाही, आणि तो विश्रांतीच्या काळातही रजेवर जात नाही.

येथे एका प्राचीन वादाची आठवण होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात स्वभावोपरमाचा सिद्धांत आला आहे. भावांच्या उत्पत्तीला कारण लागते, निरोधाला लागत नाही. वस्तू स्वभावतःच लय पावतात, असा त्याचा आशय. घडविण्याला हात हवेत, विझण्याला कोण हवा? वात संपली, दिवा विझला. ही दृष्टी आपल्या मनात इतकी खोल मुरली आहे, की आपण निवृत्तीचा अर्थही न करणे असाच घेतो. काम सोडले की मनुष्य निवृत्त झाला. खाणे सोडले की उपास झाला. घर सोडले की संन्यास झाला. पेशीची साक्ष मात्र निराळी पडते. तेथे थांबणे हे विझण्यासारखे नाही. थांबण्यासाठी प्रथिने घडवावी लागतात, ती योग्य वेळी योग्य जागी हजर ठेवावी लागतात, आणि ती हजर आहेत तोवरच थांबणे टिकते. निरोधालाही कारण लागते, आणि ते कारण क्षणोक्षणी नवे करावे लागते.

आणि मग ध्यानात येते, की ही साक्ष आपल्याच घरात, दुसऱ्या ग्रंथात, आधीपासून नोंदलेली आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. पहिला अर्धा भाग आम्ही पुष्कळ घोळला; दुसऱ्याकडे पाठ केली. अकर्मात कर्म पाहायचे ते कोठे? स्वस्थ बसलेल्या यकृतपेशीत पाहावे, असे मी आता म्हणेन. ज्या ग्रंथाने गीता मराठीत आणली तो आमच्याच नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये सांगितला गेला. तो ज्याला टेकून सांगितला असे भाविक मानतात, तो पैसाचा खांब आजही नेवाशाला उभा आहे. ज्ञानेश्वरांच्या गुरूचे नावच निवृत्ती होते. त्यांच्या आज्ञेवरून ज्ञानेश्वरी निर्माण झाली. निवृत्तीने एवढे मोठे कर्म घडवून आणले, या योगायोगात पाहणाऱ्याला एक बोध आहे. त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिखाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असा जो निवाडा आहे, तोही नीट वाचला तर देहदंडाचा पुरस्कार करीत नाही, मापाचा करतो.

परंतु यावर एक आक्षेप येईल, आणि तो मीच घेतो. देहाच्या अंगी एवढा आवर आहे, तर माझ्या यकृतात चरबी साठली का? घोडा शहाणा आहे, तर तो खड्ड्यात गेला कसा?

उत्तराचा एक भाग पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्निग्ध! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या अपत्यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यातून हेच लक्षण जन्मापासून असल्याचे आढळले. इंग्लंडातील बालकाच्या मानाने आमचे बालक वजनाने कमी असते. परंतु त्याची उणीव मांसात असते, चरबी मात्र त्या प्रमाणात राखलेली असते. ज्या मातेने अपुऱ्या अन्नावर दिवस काढले, तिच्या उदरातील जीव पुढच्या टंचाईची तजवीज करूनच जगात येतो. ही काटकसर आहे, लोभ नव्हे. म्हणून आत्याच्या साडेसातीच्या निदानाशी माझा मतभेद आहे तो ग्रहाच्या अस्तित्वाविषयी नाही. ज्याने अद्याप घासही घेतला नाही त्या अर्भकाच्या संचयाला जर दंड म्हणायचे, तर दंड देणाऱ्याच्या न्यायाविषयीच प्रश्न उभा राहील. आणि शनीला तर आपण न्यायाधीश मानतो. व्याधी म्हणजे पापाचा निकाल, ही समजूत रुग्णाला दुप्पट जखमी करते आणि देवाला लहान करते.

उत्तराचा दुसरा भाग सोनईचाच आहे. खाण्याच्या साखरेचा अर्धा वाटा ग्लुकोजचा आणि अर्धा फ्रुक्टोजचा. या दुसऱ्याचा बहुतेक भार यकृतावरच येतो आणि जास्त झाला की त्याची चरबी करणे यकृताला सोपे जाते. आजोबांच्या काळी गोडधोड सणाला होई, गूळ पाहुण्यापुढे येई. सण आणि सण यांच्या मध्ये पुष्कळ रिकामे दिवस असत. आता आमच्या घरी दिवसातून चार वेळा चहा होतो आणि चारही वेळा पाहुणा आला असे समजून साखर पडते. पेशीतील अंमलदारांना पंचांग वाचता येत नाही. त्यांना एकच भेद कळतो: अन्न आले, आणि अन्न नाही. सायक्लिन डी-१ जेवणाच्या वेळी चढते आणि उपासाच्या वेळी उतरते. मधुमेही, स्थूल उंदरांत मात्र ते चढलेलेच राहते, उतरण्याचे विसरते. जमा चालू असता खर्चाची पाळीच आली नाही, तर कोणता फडणीस हिशेब मिटवील?

ही गोष्ट साखर कारखान्याला उत्तम कळते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, आणि मग कित्येक महिने धुराडे थांबत नाही. उन्हाळ्यात हंगाम संपतो. तो संपला म्हणजे कारखाना ओस पडला असे नवख्याला वाटते. पण त्या दिवसांत आत जाऊन पाहावे. चरकाचे रोलर उतरविलेले असतात, त्यांच्या झिजलेल्या खाचा पुन्हा कोरल्या जात असतात, बॉयलरच्या नळ्यांतील कीट खरवडले जात असते, एकेक पंप उघडून भुईवर मांडलेला असतो, आणि भर दुपारी घामाघूम झालेला फिटर हंगामातल्यापेक्षा अधिक चिंतेत असतो. बंद हंगाम हा कारखान्याच्या कामाचाच अर्धा भाग आहे. बारा महिने ऊस चरकात घालीन म्हणणाऱ्या कारखान्याचे काय होईल, हे सांगायला पेशीविज्ञान नको, फिटर सांगेल.

व्रतांचे मर्म मला येथे दिसते. आपल्या पूर्वजांनी वर्षाच्या अंगावर एकादशी, सोमवार, शनिवार असे जे बंद हंगाम आखून ठेवले, ते देहाला शिक्षा करण्यासाठी आखले असे पुष्कळ कीर्तनकार सांगतात. मला ते देहाच्या अंगच्या शहाणपणाला अवसर देण्यासाठी आखले असावेत असे वाटते. अर्थात ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हणही आपलीच. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी आणि वर वाटीभर गोड दही घेऊन जो उपास होतो, त्यात धर्माचा शब्द पाळला जातो आणि यकृताची मात्र सुटी रद्द होते. मला याच्या उलट टोकाचीही भीती वाटते: चरबी वितळावी म्हणून दिवसेंदिवस अन्नाला शत्रू मानणारी नवी तपश्चर्या. तिच्यातही घोड्यावर अविश्वास तोच आहे. चाबूक तेवढा बदलला आहे. सारथ्याची गरज नाही असे मी म्हणत नाही. भरल्या ताटावरून उठण्याचा निर्णय कोणत्याही प्रथिनाला घेता येत नाही. तो बुद्धीनेच घ्यावा लागतो. पण त्या निर्णयाचे काम लगाम खेचण्याइतके दांडगे नाही. घोडा थांबू पाहतो तेथे त्याला थांबू द्यावे, इतकेच ते नाजूक आहे. वैराग्य म्हणजे देहाचा द्वेष असे मानणाऱ्यांनी देहाला ओळखलेले नाही, आणि वैराग्यालाही नाही.

आत्याचा शब्द मी मोडला नाही. एका शनिवारी जाऊन तेल घालून आलो. चौथऱ्यावरची ती काळी शिळा उघड्या आकाशाखाली उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही आणि तिच्यापाशी कोठार नाही. सकाळपासून शेकडो बाटल्या तिच्यावर रिकाम्या झाल्या होत्या, आणि सर्व तेल खालच्या वाटेने वाहून जात होते. परत आल्यावर घरात दोन बदल केले. चहाची साखर अर्ध्यावर आणली, आणि रात्रीचे जेवण दिवेलागणीला उरकून दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत स्वयंपाकघराला सुटी दिली. आत्या याला साडेसातीचा उतारा समजते. मी त्याला हरकत घेतलेली नाही.